उजव्या पायाची वही

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळणीच्या पैशातून शंभर पानी वही आणि शिंप्याची टेप आणली. दादा म्हणाला, "एवढ्यात ड्रेस आला असता." असो.

काम असं: पावसाच्या आत ट्रिकिंगमधली फाइव्ह-फोर्टी किक (हवेत गिरकी घेऊन मारायची लाथ) ओल्या वाळूवर सलग दहा वेळा स्वच्छ उतरवायची. आणि तोवर घोट्यापायी किंवा गुडघ्यापायी एकही आठवडा बसून काढायचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. वय २९. कॉलेजात तायक्वांदो केलं. एकोणिसाव्या वर्षी उजवा घोटा मुरगळला, क्रेप बँडेज गुंडाळून चौथ्या दिवशी स्पर्धेत उतरले आणि पुढच्या दोन वर्षांत तोच घोटा आणखी चारदा गेला. आता अंगणात पायाखाली सुपारी आली तरी तो लगेच आत वळतो.

पुतण्याने विचारलं, "आत्या, ट्रिकिंग म्हणजे कराटे की जिम्नॅस्टिक्स?" दोन्ही आणि दोन्ही नाही. तायक्वांदोच्या लाथा, वुशूतली बटरफ्लाय किक, कापोएराच्या गिरक्या, जिम्नॅस्टिक्सच्या कोलांट्या, सगळं एकत्र करून पोरांनी व्हिडिओ बघत बघत वाढवलेला प्रकार. समोर प्रतिस्पर्धी नसतो. फाइव्ह-फोर्टीत उजव्या पायावरून उडायचं, हवेत उजव्यानेच लाथ मारायची आणि उतरायचंही उजव्यावरच. डावा नुसता गिरकी देतो आणि वर दुमडून राहतो, पंगतीत रिकामं भांडं घेऊन फिरणाऱ्यासारखा. म्हणजे माझा सगळ्यात वाईट पाय तीन पाळ्या करणार.

५ नोव्हेंबर, मंगळवार

चिपळूणला फिजिओताईंकडे जाऊन मोजमाप केलं. एका पायावर उभं राहून टाच उचलणे: डावा २७ वेळा, उजवा १४. (२५ च्या आसपास यायला हव्यात.) चवडा भिंतीपासून दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा: डावा ११ सेंमी, उजवा साडेसहा. डोळे मिटून एका पायावर: डावा ३१ सेकंद, उजवा ९. एका पायावर लांब उडी: डावा १४२ सेंमी, उजवा ११६. दुबळा पाय चांगल्याच्या निदान ९० टक्के हवा, माझा ८२ भरला.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे जे लिगामेंट (हाडाला हाड बांधणारी पट्टी) असतं, मुरगळताना बहुधा तेच आधी जातं. एकदा सैल पडलेलं लिगामेंट व्यायामाने पुन्हा आखूड होत नाही. नडगीच्या बाहेरून उतरणारे स्नायू वेळेवर जागे व्हावेत, एवढंच आपल्या हातात. ताई म्हणाल्या, "दोन महिने लाथबिथ नाही. आधी पोटरी." मला वाटलं होतं त्या ट्रिकिंगच बंद करायला सांगतील. सांगितलं नाही, म्हणून तरी ऐकायचं.

९ नोव्हेंबर

घरात डंबेल नाहीत, चिरे आहेत. गडग्यातून उरलेले चार. एक मासळीच्या काट्यावर ठेवून बघितला, ३१ किलो भरला. तो छातीशी कवटाळून एक पाय मागे बाकड्यावर ठेवून बसणं-उठणं, ८ चे ३ फेरे. टाच उचलणे दोन प्रकारे, गुडघा ताठ ठेवून आणि वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि गुडघा वाकल्यावर भार मुख्यतः खालच्या थरावर येतो. मांडीच्या मागच्या बाजूसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, घोटे कुणीतरी दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून पुढे सावकाश झुकत जायचं. घोटे धरायला पुतण्या. त्याचं वजन ३८ किलो, त्यामुळे तिसऱ्या वेळी मी पुढे आणि तो वर. आजी झोपाळ्यावरून बघत होती. "अगो, चोपण्याने चोपून नुकतं खळं केलंय, त्यावर नाक आपटू नको," म्हणाली. काळजी खळ्याची.

मोजणी पुतण्याकडे दिली. अक्षर बरं आहे त्याचं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आज वाळूचं वेळापत्रक बसवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे इथे कुणालाही विचारा. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) पहाटे पाच-सव्वापाचला आणि संध्याकाळी तेवढ्यालाच. पुढे रोज पाऊण तास सरकायचं. सकाळी सहा ते आठ घट्ट ओली वाळू हवी तर चतुर्दशी ते चतुर्थी. अष्टमीला सहा वाजता समुद्र सुरूच्या बनापर्यंत आलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावर काही करता येत नाही. म्हणजे पंधरवड्यात पाच-सहा दिवस वाळू, बाकीचे दिवस चिरे.

कोरड्या वाळूत उड्या मारायच्या नाहीत. मऊ म्हणून ती सुरक्षित वाटते. आदळणं कमी होतं हे खरं, पण पाय रुतला की चवडा फिरत नाही, वरचं अंग फिरतं आणि तो पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, एसीएल, असंच तुटतं: कुणी धक्का दिलेला नसतो, पाय रोवलेला, गुडघा जवळपास सरळ आणि आत झुकलेला, आणि धड वळतंय. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दुपटीहून जास्त होते. ट्रिकिंगच्या व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, किनारा सपाट नसतो, समुद्राकडे उतरता असतो. तोंड उत्तरेला केलं की समुद्र डाव्या हाताला आणि उजव्या पायाची बाहेरची कड चढाला. तोंड दक्षिणेला केलं की तीच कड उताराला, म्हणजे घोट्याला मुरगळायचं आयतं निमंत्रण. उतरताना तोंड उत्तरेलाच. हे पानाच्या वर लाल पेनाने लिहिलं.

२ डिसेंबर

टाच: उजवा १९. भिंत: ८ सेंमी. एका चिऱ्यावरून (आडवा ठेवला की सतरा-अठरा सेंमी) खाली उतरून एका पायावर थांबणे. पुतण्या मोबाइलवर समोरून चित्रण करतो, गुडघा अंगठ्याच्या आत गेला की फेरी बाद. २० पैकी ७ बाद. उतरल्याचा आवाज आला तरी बाद, हा त्याने स्वतः लावलेला नियम. चांगला आहे.

२७ डिसेंबर

घरगुती राहण्याच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. चादरी, मोदक, पाहुण्यांची गरम पाण्याची बोंब. किनाऱ्यावर गाड्यांची चाकोरी आणि फुटलेल्या बाटल्या. व्यायाम शून्य. पाय बरे.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवलं की दुखतं. डाव्या! सगळं लक्ष उजव्यावर आणि मध्येच हा.

वही उलटून बघितली. पौष पौर्णिमेची ओहोटी छान मिळाली म्हणून सोमवारपासून चार दिवस सलग टोर्नेडो किक मारल्या. त्या उजव्यावरून उडून डाव्यावर उतरतात. सोमवारी ३०, मंगळवारी ४५, बुधवारी ६०, आज ७०. डिसेंबरात आठवड्याला ४० उड्यासुद्धा नव्हत्या. समुद्राने वाळू पाच दिवस दिली म्हणून पाचही दिवस वापरायची, हा हावरटपणा. स्नायू दोन-तीन आठवड्यांत जोर धरतो, टेंडनला (स्नायू हाडाला बांधणारी दोरी, वाटीखाली तीच आहे) महिने लागतात. जोराच्या कामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये झीज भरपाईपेक्षा जास्त असते. मी रोज सकाळी बांधकाम चालू असलेल्या भिंतीवर चढत होते.

आता वाळूच्या दिवसांतही एक दिवसाआड. एका वेळी ४० उड्या, त्यात काठिण्य वाढवलं तर आकडा कमी. आणि ट्रकचा टो-बेल्ट माडाला बांधून, तो दोन्ही गुडघ्यांच्या मागून घेऊन, मागे रेलून अर्धं बसायचं. नडगी उभीच राहिली पाहिजे. ४५ सेकंद, ५ वेळा. हलायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. पाचव्या वेळेनंतर दुखणं खरंच उतरतं, जादूसारखं, पण तासाभराची जादू. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना. दुखणं दहात तीनच्या वर नसेल आणि सकाळी आदल्या दिवशीइतकंच असेल तर चालू ठेवायचं.

काका म्हणाले, "आम्ही तालमीत दोन-दोनशे बैठका मारायचो, कुठे दुखलं गुडघ्यात?" बैठकीत मलाही काही वावगं दिसत नाही. काका शून्यावरून दोनशेवर चार दिवसांत गेले नव्हते, इतकंच. (आणि काका आज जिना धरून उतरतात, ते मी बोलले नाही.)

३० जानेवारी

गुडघा दहात एक. मांगरात पेंढ्याची गादी केली: सहा गोणपाटं पेंढ्याने ठासली, वर काथ्याची जुनी गादी, त्यावर ताडपत्री. पेंढा ओढताना उडवीतून विंचू निघाला, पुढचा पाऊण तास त्याच्या शोधात गेला.

गादीवर पहिल्यांदा फाइव्ह-फोर्टी. १२ पैकी दोन उजव्यावर, बाकी ढुंगणावर. चूक कळली: मी जमिनीवरच फिरायला लागते. आधी सरळ वर, डावा गुडघा छातीकडे, नजर खांद्यावरून मागे, आणि पाय सुटल्यावर पीळ. पाय टेकलेला असताना फिरलं की उंचीही जाते आणि गुडघाही धोक्यात.

४ फेब्रुवारी

रथसप्तमी. पुतण्याच्या शाळेत सूर्यनमस्कार, पालकांनाही बोलावलं होतं. १०८ घातले. मनगटं बोलतायत. ही मोजणीत धरायची की नाही? धरली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुरगळला.

संध्याकाळची ओहोटी. उजव्यावर सहा स्वच्छ उतरल्या होत्या. पुण्याची चार-पाच मुलं दक्षिणेकडून मोबाइल धरून उभी राहिली, "ताई, एकदा परत!" आणि मी त्यांच्याकडे तोंड करून उडाले. लाल पेनाची ओळ तीन महिने पानावर आहे.

आधी चार पावलं टाकून बघितली. पडली. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून सहा सेंमीपर्यंत दाबली, मग पायाच्या बाहेरच्या कडेचं मधलं हाड आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं. हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे; कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवलेला हा नियम आहे आणि जगभर वापरतात. हाडावर कुठेच नाही. दुखतंय ते हाडाच्या पुढे, मऊ भागात. सूज लिंबाएवढी.

दहा वर्षांपूर्वी बर्फात पाय घालून बसले होते आणि मग थेट स्पर्धा. या वेळी दोन दिवस दाबपट्टी आणि पाय उंच, तिसऱ्या दिवसापासून घरात लंगडत का होईना चालायचं, पायाने हवेत बाराखडी काढायची. दुखण्याची गोळी पहिल्या दिवशी नाही घेतली. आजीने आंबेहळद लावली, ती मात्र नाही म्हणता आली नाही.

२७ फेब्रुवारी

सोळा दिवस झाले. काल महाशिवरात्रीला व्याडेश्वराच्या देवळातल्या गर्दीत दोन तास उभी होते, घोटा शांत. टाच १७. भिंत साडेसात. मागे गेले, पण तळाशी नाही. दोरीचा ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) मागवला आहे. एकदा गेलेला घोटा पुन्हा जाण्याचा धोका ब्रेसने कमी होतो, आणि मला दिखाऊ धैर्याचा आता कंटाळा आलाय. नारळाच्या सोडणांनी भरलेल्या गोणीवर एका पायाने उभी राहते, पुतण्या चेंडू फेकतो. सलग ११ झेल.

म्हणजे दुसरी अट मोडली. वहीत तसंच लिहिते: मोडली.

१५ मार्च, शनिवार

शिमगा. पालखी अंगणात नाचली. खांद्यावर एवढी लाकडी पालखी घेऊन ही माणसं गुडघ्यात खाली बसतात, गिरक्या घेतात, उठतात, अनवाणी, शेणाने सारवलेल्या खळ्यावर. मी पाय बघत होते. टाच कधीच पूर्ण टेकत नाही आणि गुडघा चवड्याच्या रेषेतच राहतो. कुणी शिकवलं त्यांना? दहाव्या वर्षापासून ढोलामागे नाचत मोठे झाले, बस्स.

पाय बघता बघता पुतण्याचे दिसले. पोरांच्या घोळक्यात तो गुडघ्यावर बसताना डावा गुडघा बाजूला सरकवून बसत होता. हाक मारली. नडगीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढा उंचवटा. दाबल्यावर, "आई गं."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"तू उड्या बंद केल्या असत्यास."

मी दमून आत गेले की तो त्याच वाळूवर स्वतःच्या मारायचा. वर शाळेत खो-खो, रविवारी फुटबॉल. चार महिने माझी प्रत्येक उडी त्याच्या अक्षरात या वहीत आहे. त्याची एकही नाही.

१८ मार्च

चिपळूण. ऑसगुड-श्लॅटर. नाव दोन डॉक्टरांचं, एक बॉस्टनचा, एक झुरिचचा. दोघांनी १९०३ मध्ये वेगवेगळं लिहिलं. वाटीखालचं टेंडन नडगीला जिथे चिकटतं तिथलं हाड या वयात अजून वाढत असतं, पुरतं घट्ट झालेलं नसतं. हाड भराभर लांब होतं, मांडीचा स्नायू मागे पडून ताणला जातो, आणि प्रत्येक उडीला तो त्या कच्च्या जागेवर हिसका देतो. दाराच्या चौकटीवरच्या खुणा मोजल्या: गेल्या गणपतीपासून सहा सेंटिमीटर. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं, उंचवटा राहतो.

मी विचारलं, पूर्ण बंद? ताई म्हणाल्या, पूर्ण बंद केलं की पोरं आठवडाभर ऐकतात. कमी करायचं, मोजायचं, दुखणं तीनच्या खाली. खो-खो किंवा फुटबॉल, एकच. मांडीचं ताणणं रोज. माडाचा बेल्ट त्यालाही.

त्याच्यासाठी वहीची मागची बाजू उघडली. पहिल्या पानावर त्याने स्वतःचं नाव तीन रंगांत लिहिलं.

३० मार्च, पाडवा

टाच २३. भिंत साडेनऊ. गुढी उभारायच्या आधी सहा वाजता वाळूवर, फक्त टोर्नेडो, ३०, तोंड उत्तरेला. पुतण्या: उड्या १०, गुडघा २.

१९ एप्रिल

आंबा. दिवसभर झेल्याने काढायचे, क्रेटमध्ये भरायचे, कलमांतून वाटेपर्यंत वाहायचे. एक भरलेला क्रेट वीस-बावीस किलो, आज ५४ खेपा, उतारावरून. पोटऱ्या दगड. वाळूवर नऊ दिवस गेले नाही आणि आधी मला त्याचं वाईट वाटत होतं. मग क्रेटच्या खेपा मोजणीच्या रकान्यात लिहिल्या आणि आकडा बघून वाईट वाटायचं थांबलं.

२८ एप्रिल, सोमवार

पावणेसातची ओहोटी, वारा नाही. दोन दिवस आंबा बंद, पाय हलके. ब्रेस बांधून फाइव्ह-फोर्टी. तीन सलग, चौथीला हात टेकला. परत चार सलग. पाचव्या उडीत एक गंमत झाली: लाथ मारल्यावर क्षणभर काहीच घडत नव्हतं, खाली वाळू चकाकत होती आणि मग चवडा, टाच, गुडघा असा ओळीने भार उतरला. आवाज नाही. पुतण्या ओरडला, "बाद नाही!"

१३ मारल्या आणि घरी आले. आणखी मारता आल्या असत्या.

१४ मे, बुधवार

सलग सात. आठवीला लाथ उशिरा, दोन पायांवर उतरले. थांबले. टाच: डावा २८, उजवा २६. भिंत १० सेंमी. लांब उडी: डावा १४५, उजवा १३७, म्हणजे ९४ टक्के. अमावास्या २६-२७ ला आहे, तेव्हा दहाचा प्रयत्न.

पुतण्याच्या बाजूला: "उड्या १५. गुडघा १. आत्या ७. आत्याचा चेहरा ०."

२५ मे, रविवार

पाऊस चार दिवस थांबलेला नाही. काल केरळात मॉन्सून आल्याचं सांगितलं, आज दक्षिण कोकणापर्यंत पोचला. इतका लवकर आलेला मला तरी आठवत नाही. अमावास्येची ओहोटी वेळेवर येईल, पण किनाऱ्यावर उभं राहवत नाही; लाटांनी वाळू कापून गुडघाभर पायरी केलीय. उतरवलेला नाही असा आंबा झाडावरच काळा पडतोय, घरात त्याचंच चाललंय.

दहा झाल्या नाहीत. सात.

मांगराच्या कौलातून गळून पेंढ्याची गादी भिजली, आतून गरम लागतेय, म्हणजे कुजायला लागली. उद्या उसवून माडाच्या आळ्यात टाकायची. टो-बेल्ट पडवीच्या खांबाला लावून बघितला, खांब करकरला, आजीने काढायला लावला. मल्लखांबाचा खांब असता तर, असं म्हणाले, तर ती म्हणाली आजोबांचा होता, १९८० च्या सुमारास त्याची दारं केली.

चिरे पडवीत ओढले. चार होते, तीनच सापडले. चौथा आईने मागच्या दाराशी पाय धुवायला लावलाय.